तपकिरी ठोकळे

अक्षत : मावशी, तुझी पाळी. दहा मिनिटं झाली, नुसती त्या बोटीकडे बघत बसलीयेस.

सुहासिनी : बघू दे ना. एकतीस वर्षं मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते मी, बोटींवरचा माल मोजणारी. बोट दिसली की आधी तिच्या पोटात काय आहे ते विचारते, मग हात लावते.

अक्षत : सांगितलं की. ही बोट मुंबईहून आलीय, एकोणीसशे साली. आफ्रिकेत इंग्रजांची आणि बोअर लोकांची वॉर चालू आहे. इंग्रजांना फौज आत न्यायचीय, पण सोयीचं बंदर आहे पोर्तुगीजांचं, आणि पोर्तुगीज न्यूट्रल. तू इंग्रज, मी बंदराचा गव्हर्नर.

सुहासिनी : म्हातारपणी इंग्रज केलंस मला. बरं.

अक्षत : निळ्या सोंगट्या म्हणजे सोल्जर्स. न्यूट्रल आहे म्हणून मी एका टर्नला पाचच निळे सोडणार, तेही प्रत्येकाचं नाव लिहून. आणि हे तपकिरी ठोकळे म्हणजे सप्लाय. ते कितीही ने, मी मोजत नाही. गेमची सगळी मजा तिथेच आहे.

नेत्रा : मावशी, जरा लवकर खेळा हो. सोमवारी सकाळी हा खोका कुरिअरने पब्लिशरकडे जायला पाहिजे. आठ महिने झाले यानं नोकरी सोडून, घरात दुसरा विषय नाही. मला तर आता झोपेतही पोर्तुगीजच दिसून राहिले, बाप्पा.

सुहासिनी : खेळते गं. अक्षत, सप्लाय म्हणजे नेमकं काय काय?

अक्षत : रूलबुक, पान चार. दाणा-वैरण, तंबू, सॅडल्स, फॉलोअर्स.

सुहासिनी : फॉलोअर्स म्हणजे?

अक्षत : म्हणजे सर्व्हंट्स टाइप. घोडे सांभाळणारे, पाणी भरणारे, स्वयंपाकी. इंडियन्स. त्यांना आर्मीत धरायचे नाहीत. मी मनाचं नाही लिहिलंय हं, एका लायब्ररीतून जुन्या यादीचा स्कॅन मागवला होता. थांब, फोनवर आहे. हे बघ. ऑफिसर्स, नावं. सोल्जर्स, नावं. मग खाली स्टोअर्स. घोडे तीनशे बारा, सॅडल्स तीनशे, फॉलोअर्स बासष्ट.

सुहासिनी : खोगिरांच्या खाली?

अक्षत : हो. माणसं म्हणून धरले असते तर फौजेचा आकडा वाढला असता, पोर्तुगीजांनी अडवलं असतं. म्हणून सामानात टाकले. क्लेव्हर ना?

सुहासिनी : फार. आणि हा घोड्यावर बसलेला निळा कोण? बाकीच्यांपेक्षा मोठा दिसतोय. मिशा पण काढल्यास.

अक्षत : ओळख की! तुझ्यासाठी सरप्राइज होतं. पणजोबा! म्हणजे तुझे आजोबा. कॅव्हलरी ऑफिसर. ते एकटे तीन सोल्जर्सच्या बरोबरीचे आहेत.

सुहासिनी : हे कोणी सांगितलं तुला?

अक्षत : आईने. इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला, सगळ्यांना तेच सांगते ती. मंडळाच्या फंक्शनमध्ये स्टेजवरून सांगितलंय. माझे आजोबा आफ्रिकेच्या लढाईत घोडदळाचे ऑफिसर होते. त्यावरून तर मला हा गेम सुचला. कव्हर बघ ना, तेच आहेत.

नेत्रा : कुमारला तर तेच आवडलं. कुमार म्हणजे पब्लिशरकडचा माणूस, मावशी. तो म्हणाला, बंदराचे, बोटींचे गेम रोज येतात. स्वतःच्या पणजोबाचा गेम कोणी आणत नाही. त्या घोडेस्वारामुळेच कॉन्ट्रॅक्टपर्यंत गोष्ट आली आहे.

सुहासिनी : सुमेधा पण ना, कमाल आहे बाई तुझी आई. अक्षत, हा घोडेस्वार उचल इथून.

अक्षत : व्हॉट? का?

सुहासिनी : माझा आजोबा फौजेच्या घोड्यावर कधी बसला नाही. लगाम धरून घोड्याच्या पुढे चालला. मोतद्दार होता तो, खडकीच्या छावणीत.

नेत्रा : मोतद्दार म्हणजे?

सुहासिनी : घोड्याची चाकरी करणारा. दाणा चारायचा, खरारा करायचा, लीद काढायची. अक्षत, तो तुझ्या निळ्यांत नव्हता रे बाळा. तुझ्या या ठोकळ्यांत आहे तो. खोगिरांच्या खाली.

अक्षत : नो. नो, वेट. आई असं कशाला सांगेल?

सुहासिनी : लाज वाटायची तिला, लहानपणापासून. खंडेनवमीला लोकांकडे पाटावर तलवार असते, नाहीतर निदान पान्हे-पकडी असतात. आमच्याकडे खरारा. लोखंडी दात्यांचा, लाकडी मुठीचा. त्याला हळदकुंकू, फूल, नैवेद्य. मैत्रिणी आल्या की सुमेधा त्याच्यावर टॉवेल टाकायची. ती अमेरिकेला निघाली तेव्हा मीच तिच्या बॅगेत घातला. म्हटलं, जाशील तिथे पूज.

अक्षत : लाकडी मूठ? खाली पत्रा, त्याला दाते? तो ब्रश? आमच्या गॅरेजमध्ये होता तो. ओ माय गॉड. मी त्याने रॉकीला विंचरायचो.

नेत्रा : कुत्र्याला?

अक्षत : मी नऊ वर्षांचा होतो! मला कोणी सांगितलं नव्हतं काय आहे ते!

सुहासिनी : असू दे. जनावराच्याच अंगावरून फिरवलास ना? झाकून ठेवणारीपेक्षा तू बरा.

अक्षत : तुला सगळं माहीत होतं, तर तू इतकी वर्षं का नाही बोललीस? फोनवर दर रविवारी बोलतो आपण.

सुहासिनी : चुकले. तिचं नवं बस्तान बसत होतं, म्हटलं चार लोकांत तिची फजिती कशाला करा. तोंडीच सांगते, सांगू दे. आता ते खोक्यावर छापायला निघालात, तेव्हा नाही गप्प राहणार.

अक्षत : पण मावशी, हा गेम आहे. हिस्ट्रीचं पुस्तक नाही. प्रत्येकाला सोंगटी देत बसलो तर चार तास चालेल. कुमारला नव्वद मिनिटांत संपायला हवाय. रूलबुक लॉक झालंय. पुढच्या एडिशनला बघू, प्रॉमिस. आता प्लीज तुझी पाळी खेळ. ते ठोकळे धक्क्यावर ठेव.

सुहासिनी : नाही ठेवत.

अक्षत : मावशी, मूठ उघड.

सुहासिनी : बदामसात खेळलायस ना माझ्याशी? हातातलं पान मी किती वेळ दाबून ठेवते ते ठाऊक आहे तुला. तसंच समज. या मुठीत सहा माणसं आहेत. ती हलणार नाहीत.

अक्षत : यू कान्ट! असा रूलच नाही.

सुहासिनी : त्या बोटीवर पण नव्हता.

नेत्रा : म्हणजे? काय झालं होतं बोटीवर?

सुहासिनी : सांगते. बोट धक्क्याला लागली. गोऱ्यांसाठी शिडी टाकली. खाली पोर्तुगीजांचा कारकून टेबल मांडून बसलेला. एकेक सोल्जर उतरायचा, नाव सांगायचा, तो वहीत लिहायचा. ते संपलं. मग घोडे. घोड्याच्या पोटाखाली किंतानाची झोळी बांधायची आणि क्रेननं उचलून खाली सोडायचा. आणि मोतद्दारांना काय सांगितलं? खोगिरांच्या जाळ्यात बसा.

नेत्रा : जाळ्यात? माणसांना?

सुहासिनी : शिडीनं उतरले असते तर कारकुनाला नाव लिहावं लागलं असतं. नाव लिहिलं की फौज वाढली, फौज वाढली की करार मोडला. म्हणून सामान ते सामान. जाळ्यात बसायचं, क्रेननं उचलायचं, आणि चामड्याच्या ढिगाऱ्याबरोबर धक्क्यावर ओतायचं. हाच तुझा क्लेव्हर रूल, अक्षत.

अक्षत : मग पणजोबांनी काय केलं?

सुहासिनी : हातातला खरारा खाली ठेवला आणि डेकवर मांडी घालून बसला. म्हणाला, मी शिडीनं उतरीन. माझं नाव लिहा, मग उतरतो. वीस वर्षांचं पोर. त्याचं बघून शेजारचा बसला, मग त्याच्या पलीकडचा. बासष्टच्या बासष्ट बसले.

नेत्रा : मग दुसरी माणसं लावली असतील ना त्यांनी?

सुहासिनी : लावली की. अगं, पण तीनशे घोडे, महिनाभर समुद्रावर हैराण झालेले. अनोळखी माणसाला पोटाखाली झोळी बांधू देतात होय? एकाची मांडी फोडली, दुसऱ्याचा हात मोडला. मोतद्दारांनी घोड्यांना उपाशी ठेवलं नाही हं. वेळच्या वेळी पाणी दाखवलं, दाणा दिला, आणि परत येऊन बसले. जनावराचा काय दोष? पण जागचा एक घोडा हलवला नाही. मागे समुद्रात बोटी खोळंबल्या. अख्खं बंदर अडलं.

अक्षत : किती दिवस?

सुहासिनी : दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबाला पुढे घेतलं, सगळ्यांच्या देखत बारा फटके मारले. त्यानं सदरा उचलला, अंगात घातला, आणि पुन्हा जाऊन त्याच जागी बसला.

नेत्रा : बाई गं.

सुहासिनी : माझे बाबा त्याला तेल लावून आंघोळ घालायचे, म्हातारपणी. पाठीवरचे वळ त्यांनी बोटांनी मोजले होते. अकराच सापडायचे. आजोबा म्हणायचा, बारावा साहेबाचा नेम चुकला.

अक्षत : देन व्हॉट?

सुहासिनी : मग पोर्तुगीज कारकून कंटाळला. त्याचा धक्का अडलेला, वरून बोलणी खात असणार. वही घेऊन आला शिडीच्या तोंडाशी आणि म्हणाला, सांग. आजोबानं सांगितलं, कोंडाजी बिन मानाजी, राहणार खडकी. लिहिलं त्यानं. आणि आजोबा शिडीनं उतरला. मागून एकसष्ट.

नेत्रा : पण मावशी, राग मानू नका. शेवटी घोडे तर उतरवलेच ना त्यांनी? लढाई तर इंग्रजांचीच पुढे गेली.

सुहासिनी : गेली. मी कुठे म्हणते त्यानं लढाई थांबवली? त्याला त्या लढाईशी देणंघेणं नव्हतं, त्याची ती चाकरी होती. परत आल्यावर तीही गेली. साहेबानं शिफारशीची चिठ्ठी फाडली, पुन्हा कुठल्या छावणीनं दारात उभं केलं नाही. जन्मभर दुसऱ्याचा टांगा हाकला. पुतळा उभारावा असं काही केलं नाही त्यानं. तो शिडीनं उतरला, एवढंच. आणि एवढं करून शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच्याच पणतूनं त्याला परत जाळ्यात बसवलं. वर त्याच्या नावानं भलताच कोणीतरी घोड्यावर!

अक्षत : दॅट्स नॉट फेअर, मावशी. मला माहीत नव्हतं.

सुहासिनी : खरंय. आता आहे.

अक्षत : आणि काही प्रूफ आहे का? माझ्याकडे इंग्रजांची यादी आहे, त्यात आकडा आहे. बासष्ट. नावं नाहीत.

सुहासिनी : पोर्तुगीजांची वही पाहिलीस?

अक्षत : नाही. ती मी शोधलीच नाही. मला वाटलं, त्यात फक्त सोल्जर्स असणार.

सुहासिनी : असेल कुठे, नसेलही. मी काही कोर्टात उभी नाही. मी एवढंच सांगते, एकतीस वर्षं गोदीत नग मोजले मी. पेट्या, गासड्या, पिंपं, सगळं. माणूस कधी नगात मोजला नाही, आणि आज तुझ्या डायनिंग टेबलावर मोजणार नाही. हरले म्हण हवं तर.

नेत्रा : अक्षत, पाचला कुमारचा फोन आहे. आता काहीतरी ठरव.

अक्षत : ठरवायचं काय आहे? घोडेस्वार काढला तर कव्हर गेलं. ठोकळ्यांना माणसं केलं तर सगळे रूल्स गेले. मोतद्दार बसले की घोडे अडणार, घोडे अडले की बंदर ब्लॉक, इंग्रज वेळेत पोचतच नाहीत. गेमचा पूर्ण बॅलन्स जातो.

सुहासिनी : गेला होताच.

अक्षत : आठ महिने, मावशी! एकेक ठोकळा मी गॅरेजमध्ये हाताने कापलाय.

सुहासिनी : कळतंय रे. म्हणून तर तुला सांगते. दुसऱ्या कोणाचा खेळ असता तर चहा पिऊन उठले असते.

(फोन वाजतो. अक्षत कानाला लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

अक्षत : हाय कुमार. हो, ऑलमोस्ट रेडी. नाही, एक गोष्ट बदलतेय. कव्हर. तो घोडेस्वार नसणार. कारण तो नव्हताच. माझे पणजोबा ऑफिसर नव्हते, ते घोडे सांभाळायचे. तपकिरी. येस, सप्लायमधले. आय नो, मीच सांगितलं होतं तुला. मला चुकीचं सांगितलं गेलं, मी तुला चुकीचं सांगितलं. सॉरी.

नेत्रा : काय म्हणतो?

अक्षत : एक सेकंद. नाही कुमार, ‘फॅमिली स्टोरी’ म्हणून चालणार नाही. ती माझ्या आईची स्टोरी आहे, पणजोबांची नाही. आणि फॉलोअर्स सप्लायमध्ये नसणार. त्यांची वेगळी पाळी असेल, सगळ्यांच्या आधी. ते बसले तर बोटीवरून काही उतरणार नाही. बंदराने त्यांची नावं लिहिली तरच उठतील. हो, लांबेल. दोन तास. कदाचित जास्त. हो, इंग्रज हरूही शकतात.

सुहासिनी : हरू दे की.

अक्षत : माझी मावशी. हो, इथेच आहे. नाही, तिनं जबरदस्ती नाही केली. म्हणजे, केली. पण ती बरोबर आहे. कुमार, ऐक. हे बदलून हवं असेल तर सोमवारी पाठवतो. तसंच जुनं हवं असेल तर मी साइन करणार नाही. नाही, विचार करून सांगत नाहीये, सांगतोच आहे. ओके. ओके, बाय.

नेत्रा : झालं?

अक्षत : म्हणाला, टीमशी बोलतो. नो प्रॉमिसेस. आवाज गार पडला होता त्याचा.

नेत्रा : अरे यार, अक्षत. आठ महिने मी सगळ्यांना सांगत आहे, माझ्या नवऱ्याचा गेम येऊन राहिला म्हणून. नागपूरला आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटायचे बाकी ठेवले आहेत.

अक्षत : आय नो. चिडलीयेस?

नेत्रा : चिडले तर आहेच. पण तू तसंच पाठवलं असतंस ना, तर जास्त चिडले असते. आणि माझ्या सासूबाईंना कोण सांगणार आहे हे?

सुहासिनी : मी सांगते. माझी धाकटी बहीण आहे, ओरडली तर ओरडली. आणि तिच्या गॅरेजमधला खरारा मला हवाय. यंदा खंडेनवमीला मी इथे आहे. पाटावर मांडायचा, टॉवेल न टाकता.

अक्षत : त्याच्यात अजून रॉकीचे केस असतील.

सुहासिनी : राहू देत. कोंडाजी काही म्हणायचा नाही.

नेत्रा : थांबा, मार्कर आणते. आणि हे ठोकळे तुम्ही आता मुठीतून सोडा बरं, घाम आला आहे हाताला. अक्षत, बासष्ट ठोकळे मोज. नाही, मोजू नको. वेगळे काढ.

अक्षत : प्रत्येकावर नाव लिहू या. पहिला पणजोबा. मावशी, तू सांग, मी लिहितो. माझं मराठी अक्षर वाईट आहे, हसू नकोस.

सुहासिनी : कोंडाजी बिन मानाजी. ‘क’ला काना-मात्रा दे नीट. हं. खाली, राहणार खडकी. मावत नसेल तर मागच्या बाजूला लिही.

अक्षत : आणि बाकीचे एकसष्ट?

सुहासिनी : नाहीत रे माहीत. आजोबा सांगायचा म्हणे सगळ्यांची, ओळीनं. बाबांनी कधी लिहून ठेवली नाहीत, आणि मी कधी विचारली नाहीत.

अक्षत : मी काही नावं शोधून टाकू? त्या काळातली?

सुहासिनी : अजिबात नाही. खोट्या नावांनीच एवढा घोळ झालाय. रेघ ओढ नुसती प्रत्येकावर. नावापुरती जागा ठेव आणि रिकामी सोड.

नेत्रा : आणि तो निळा घोडेस्वार? फेकू?

अक्षत : नको, मला दे. मिशा खोडून टाकतो. साधा सोल्जर होईल तो. पाचातला एक.

सुहासिनी : मांड परत. बोट धक्क्याला लाव. आता मी इंग्रज होत नाही, सांगून ठेवते. इंग्रज नेत्रा होईल.

नेत्रा : मी? बरं बाप्पा, झाले इंग्रज. मला तर सोमवारच्या आत जिंकायचं आहे. चला, माझे पाच निळे उतरवते.

अक्षत : थांब. तुझी पाळी नाही अजून. आधी मोतद्दारांची.

नेत्रा : मग? काय करताहेत ते?

सुहासिनी : बसलेत.